फ्लॅश बंद पडलं तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावीच्या १९९६च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने फोन करून सांगितलं, "तुझ्या क्षेत्राबद्दल बोल. वीस मिनिटं. पण सगळ्यांना कळेल असं." माझं क्षेत्र म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने असं सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे दिवसभर खेळता?" त्याला उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. आज मी आमच्या धंद्यातल्या एका हत्याराबद्दल बोलणार आहे. ते म्हातारं कसं झालं, आणि ते मरतंय की नाही यावर आम्ही बनवणारे लोक कित्येक वर्षं कसे भांडत राहिलो, ते सांगतो. ज्यांच्या घरी खिळे जुळवायचा छापखाना होता, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

त्या हत्याराचं नाव फ्लॅश. आपण दहावी झालो त्याच १९९६ साली ते बाजारात आलं, तेव्हा त्याचं नाव फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर होतं. अमेरिकेत सॅन दिएगोला जोनाथन गे नावाच्या माणसाची फ्यूचरवेव्ह ही छोटीशी कंपनी होती. त्यांनी आधी पेनाने चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी चित्र काढायचा प्रोग्रॅम बनवला होता. ते पेनाचे कॉम्प्युटर काही चालले नाहीत, म्हणून त्याच प्रोग्रॅमला हलती चित्रं करायची सोय जोडली. वर्ष संपता संपता मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि नावाची काटछाट करून फ्लॅश केलं. २००५मध्ये मॅक्रोमीडियालाच अ‍ॅडोबीने घेतलं.

ते दिसायला कसं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. मधोमध पांढरा कागद, त्याला स्टेज म्हणायचं. वर एक लांबलचक पट्टी, टाइमलाइन. पट्टीवर चौकोनी घरं, एकेक घर म्हणजे एकेक फ्रेम. पहिल्या घरात चेंडू डावीकडे काढा, तिसाव्या घरात उजवीकडे ठेवा, मधलं सगळं ते स्वतः भरणार. आपल्यातल्या काहींनी वहीच्या कोपऱ्यात पानोपानी उड्या मारणारा माणूस काढून मार खाल्लेला आहे. फ्लॅश म्हणजे ती वही, पण चित्राच्याच अंगावर हुकूम लिहिता येणारी. बटण काढा, त्यावर उजवी टिचकी मारा, आणि तिथेच लिहा की हे दाबल्यावर पन्नासाव्या फ्रेमवर जा. माझ्याबरोबर कामाला लागलेल्या चित्रकाराला आयुष्यात पहिल्यांदा जो इंग्रजी आज्ञावलीचा शब्द लिहिता आला तो होता 'स्टॉप'. फ्रेमवर 'स्टॉप' लिहिलं की गोष्ट थांबायची आणि खेळणाऱ्याची वाट बघायची. खेळ आणि सिनेमा यांच्यातला फरक त्याला त्या एका शब्दाने कळला.

दुसरी गंमत आकाराची. चित्र ठिपक्यांनी न साठवता रेषांच्या गणिताने साठवायचं, त्यामुळे कित्येक मिनिटांचा कार्टूनपट काहीशे केबीत मावायचा. २००१ साली पुण्यात आम्ही डायल-अपच्या किरकिऱ्या मोडेमवर बसायचो. घरचा फोन गुंतला म्हणून आई ओरडायची, त्या जमान्यातली ही गोष्ट आहे. ब्राउझरमध्ये एक छोटा प्लेअर बसवला की जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तोच खेळ तसाच दिसायचा.

त्यामुळे झालं काय, की ज्यांना खेळ बनवायचे दरवाजे कधीच उघडले नसते असे लोक आत घुसले. अमेरिकेत टॉम फल्प याने न्यूग्राउंड्स नावाची साइट चालवली, तिथे कुणीही आपला खेळ टाकावा आणि लोकांनी गुण द्यावेत. झेक प्रजासत्ताकात याकुब द्वोर्स्की या विद्यार्थ्याने प्रागच्या कला-अकादमीत शिकताना २००३मध्ये 'समोरोस्ट' हा खेळ केला. शेवाळलेल्या लाकडाच्या ओंडक्याचा ग्रह आणि त्यावर राहणारा एक पांढऱ्या कपड्यांतला बुटका. पुढे त्याच्या अमानिता डिझाइनने 'मशिनेरियम' काढला, २००९मध्ये, तोही फ्लॅशमध्येच. त्यातली प्रत्येक भिंत हाताने काढलेली आहे. आणि अगदी घरगुती उदाहरण हवं असेल तर फार्मव्हिल! २००९-१० साली या सभागृहातल्या किती जणांनी ऑफिसात बसून वांगी पिकवली, हात वर करा. गुरुजनांनी नाही केले तरी चालतील.

आता भांडण.

पहिली ठिणगी २००६-०७ची. फ्लॅशमध्ये लिहायच्या भाषेला अ‍ॅक्शनस्क्रिप्ट म्हणतात. तिची तिसरी आवृत्ती आली, पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान आणि शिस्तीची. पण बटणावर उजवी टिचकी मारून तिथेच हुकूम लिहायची सोय तिने काढून टाकली. आता हुकूम वेगळीकडे लिहायचे, बटणाला नाव द्यायचं, आणि त्याच्यावर कान लावून बसणारा एक 'लिसनर' नेमायचा. आम्ही प्रोग्रॅमर खूश. आमच्या ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर त्या चित्रकाराने विचारलं, "माझ्याच बटणाशी बोलायला मला आता अर्ज करावा लागणार का?" आम्ही हसलो. त्याने मात्र जुनीच आवृत्ती धरून ठेवली, आणि जगात असे पुष्कळ होते. 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक' हा गाजलेला खेळ एडमंड मॅकमिलन आणि फ्लोरियन हिम्सल यांनी २०११ साली काढला, तोही त्याच जुन्या दुसऱ्या आवृत्तीत. खेळ तुफान चालला, आणि मग त्यात भर घालता घालता जुन्या फ्लॅशचा श्वास तोकडा पडायला लागला. शेवटी तो सगळा खेळ पहिल्यापासून वेगळ्या पायावर बांधून २०१४मध्ये 'रीबर्थ' म्हणून आणावा लागला. टपरीवर दोन्ही बाजू हेच उदाहरण द्यायच्या. एक म्हणायची, "बघा, दोन माणसांनी जुन्या हत्याराने केवढा खेळ केला." दुसरी म्हणायची, "बघा, शेवटी टाकूनच द्यावं लागलं ना!"

मोठा दणका २०१०चा. एप्रिलच्या शेवटी अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने एक जाहीर पत्र लिहून सांगितलं की आयफोन-आयपॅडवर फ्लॅश येणार नाही. कारणं सहा होती. फ्लॅश एकाच कंपनीच्या मुठीत आहे, कोसळतं, त्यात सुरक्षेची भोकं आहेत, बॅटरी खातं, माउससाठी बनलंय बोटासाठी नाही, वगैरे. त्यातलं बरचसं खरं होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी भोकं बुजवणारी नवी आवृत्ती चढवून आम्ही स्वतःच कंटाळलो होतो. पण सहावं कारण सगळ्यात प्रामाणिक होतं: आमच्या यंत्रावर खेळ बनवायला मधे दुसऱ्या कुणाचं हत्यार आम्हाला चालणार नाही. म्हणजे मालकाने मालकाशी मांडलेलं भांडण, आणि आम्ही आपले त्यात वाटण्या करून घेतलेले पाहुणे. त्याच महिन्यात अ‍ॅपलने दुसऱ्या हत्यारांतून काढलेल्या अ‍ॅपना नियमानेच बंदी घातली होती. सप्टेंबरात ती सैल केली. आणि पुढच्या वर्षी 'मशिनेरियम' त्याच फ्लॅशच्या घराण्यातून अ‍ॅप होऊन आयपॅडवर आला आणि लोकांनी तो आवडीने विकत घेतला. या घटनेने तर टपरीवरचं भांडण आणखी वर्षभर लांबलं.

त्या काळात आमच्यात साधारण तीन पक्ष होते. पहिला 'मेलं' पक्ष. हे लोक युनिटी शिकायला लागले होते. खेळ त्रिमितीत करता येतो, एकदा केला की फोनवरही चढतो, हा त्यांचा मुद्दा, आणि तो बिनतोड होता. दुसरा 'काही होत नाही' पक्ष. यांच्या हाती आकडा होता, की ब्राउझर असलेल्या जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर फ्लॅश आहे, मग ते मरेल कसं? तिसरा पक्ष फारसा बोलायचा नाही. तो चित्रकारांचा.

मालक कंपनीने दुसऱ्या पक्षाची जी फजिती केली, ती सांगायलाच हवी. ऑक्टोबर २०११मध्ये अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर ११ आणला, त्यात ग्राफिक्स कार्डाची ताकद वापरायची सोय होती, जी आम्ही वर्षानुवर्षं मागत होतो. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. नोव्हेंबरच्या ९ तारखेला त्याच कंपनीने जाहीर केलं की फोनच्या ब्राउझरसाठी फ्लॅशचं काम आम्ही थांबवतोय. नवरदेवाला घोड्यावर बसवायचं आणि लगाम सोडून द्यायचा, असला प्रकार. मग २०१२च्या मार्चमध्ये आणखी एक. या नव्या ताकदीच्या काही खास सोयी एकत्र वापरून कुणी ५०,००० डॉलरच्या वर कमावले, तर वरच्या रकमेवर ९ टक्के आम्हाला द्या. पुढच्या जानेवारीत ही अट मागे घेतली, आणि नवीकोरी भाषा आणू म्हणत होते तेही सोडून दिलं. २०१३च्याच एप्रिलमध्ये युनिटीने फ्लॅशसाठी खेळ काढून द्यायची आपली सोय बंद केली. यानंतर 'काही होत नाही' पक्षातले लोक टपरीवर यायचेच बंद झाले.

मला विचाराल तर फ्लॅशला जॉब्जच्या पत्राने मारलं यापेक्षा मालकाच्या धरसोडीने मारलं, हे जास्त खरं आहे. हत्यार म्हातारं झालं तरी लोक ते वापरतात. उद्या दुकान उघडं असेल की नाही याची खात्री नसली, की ते निघून जातात. आणि निघून जाणंही सगळ्यांना सारखं नसतं. मी प्रोग्रॅमर. एका भाषेतून दुसरीत जायला मला चार-सहा महिने लागले, पगारही वाढला. त्या चित्रकाराचं तसं नव्हतं. युनिटीत चित्र बाहेर काढून आणायचं, आत आणल्यावर ते एक निर्जीव पत्रा असतं, त्यात जीव घालायला कुणीतरी प्रोग्रॅमर लागतो. जिथे चित्र काढलं तिथेच त्याला वागायला शिकवायचं, आणि दाबलं की लगेच चालून बघायचं, ही गोष्ट फ्लॅशनंतर त्याला पुन्हा मिळाली नाही. "ते मेलं का जिवंत आहे ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला होता, "मी उद्या कशात काढू ते सांगा." याचं उत्तर आमच्या तिन्ही पक्षांत कुणाकडे नव्हतं. तो आता लग्नपत्रिका आणि पॅकेजिंगची कामं करतो, उत्तम करतो. खेळ करत नाही.

मराठीपुरती एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण ती दुसरीकडे कुणी लिहून ठेवणार नाही. फ्लॅश इंग्रजीत कितीही हुशार असलं तरी त्याला जोडाक्षर कळायचं नाही. टंक आत भरला की 'विद्यार्थी' शब्दातल्या वेलांट्या आणि रफार वाट्टेल तिथे जाऊन बसायचे. २००८च्या दहाव्या आवृत्तीत नवं अक्षरयंत्र आलं तेव्हा कुठे त्याला देवनागरीची जाण आली. तोपर्यंत पुण्यातल्या आमच्यासारख्या शैक्षणिक सीडी बनवणाऱ्यांची तऱ्हा अशी, की मराठी वाक्य दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जुळवायचं, त्याची अक्षरं मोडून नुसत्या रेषा करायच्या, आणि चित्र म्हणून चिकटवायच्या. शुद्धलेखनाची चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या मराठीच्या बाईंनी आज समोर बसून हे ऐकलं, त्यांना वाटेल की असंच पाहिजे. चूक करणाऱ्याला वाक्य पुन्हा लिहायला लावणारं यंत्र!

पुढचं भराभर सांगतो. २०१७च्या जुलैत अ‍ॅडोबीने तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२०ला आधार संपला. फार्मव्हिलही त्याच दिवशी बंद झालं. १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरमध्ये आधीच बसवलेल्या कुलपाने सगळे खेळ चालायचे थांबले. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे फॉर्म फ्लॅशमध्ये होते, त्यांनी तेवढ्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला. सरकारी खातं कुठलंही असो, स्वभाव एकच.

आणि खेळ? पंचवीस वर्षांत हजारो लोकांनी केलेले, बहुतेक फुकट वाटलेले खेळ. ते वाचवायला पुढे आले ते पुन्हा स्वयंसेवकच. फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पाने २०१८पासून जमेल तेवढे खेळ उतरवून घेतले. रफल नावाचा प्रोग्रॅम काहींनी रस्ट या नव्या भाषेत लिहिला. तो जुन्या फ्लॅशची नक्कल करतो आणि आजच्या ब्राउझरमध्ये चालतो. न्यूग्राउंड्स आणि इंटरनेट अर्काइव्ह दोघांनीही तो वापरला. गमतीची गोष्ट म्हणजे जुन्या दुसऱ्या आवृत्तीत केलेले खेळ रफलमध्ये आधी नीट चालायला लागले, तिसरीतल्या शिस्तशीर खेळांना जास्त वेळ लागला. मी हे त्या चित्रकाराला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो पाच मिनिटं हसत होता.

आमच्या कंपनीत आता नवी मुलं आहेत. २०२३च्या सप्टेंबरात युनिटीने जाहीर केलं, की खेळ ठरावीक संख्येच्या वर जितक्या वेळा बसवला जाईल तितक्यांदा पैसे घेऊ. वर्षभराने तेही मागे घेतलं. त्या आठवड्यात मी कँटीनमध्ये बसलो होतो. पलीकडच्या टेबलावर तीन पक्ष पडले होते. एक म्हणत होता युनिटी संपलं, गोडो शिका, ते मुक्त आहे, त्याला मालक नाही. दुसरा म्हणत होता काही होत नाही. मी तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. एक मुलगी टॅबवर काहीतरी काढत बसली होती, बोलत नव्हती. तिला मी चहा नेऊन दिला आणि ती कशात काढते ते विचारलं. तिने अर्धा तास दाखवलं. मीटिंगला उशीर झाला.

आता शाळेकडे येतो, कारण मला इथे उभं राहायला त्याचंच निमित्त आहे. २००५ साली शाळेच्या अमृतमहोत्सवात आपल्यापैकी काही जणांनी एक सीडी बनवली होती, आठवत असेल. आत शाळेचा नकाशा होता, वर्गावर दाबलं की त्या वर्गाची माहिती यायची. 'ओळखा पाहू' नावाचा खेळ होता, त्यात शिक्षकांचा आवाज ऐकून नाव सांगायचं. त्या आवाजांसाठी आम्ही स्टाफरूममध्ये दोन दुपारी माइक घेऊन बसलो होतो. गणिताच्या बाईंनी "फळ्याकडे बघ, माझ्याकडे नको" हे वाक्य चार वेळा म्हणून दाखवलं, कारण पहिल्या तीन वेळा त्यांना स्वतःलाच हसू आलं. बाई आता नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे त्यांचे फोटो भरपूर आहेत, आवाज नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीने मला विचारलं, तेव्हापासून मी त्या सीडीच्या मागे आहे.

ती सीडी अर्थातच फ्लॅशमध्ये केलेली आहे. मूळ फाइली शाळेच्या जुन्या संगणक कक्षातल्या यंत्रावर होत्या, ते यंत्र कक्षाबरोबर भंगारात गेलं. पण घाबरायचं कारण नाही. त्या सीडीवर खेळाबरोबर प्लेअरही एकाच फाइलीत बांधून दिलेला आहे, आम्ही त्याला प्रोजेक्टर म्हणायचो. त्याला ब्राउझर लागत नाही, जानेवारी २०२१चं कुलूपही लागत नाही, विंडोजवर तो बहुधा आजही उघडेल. नाही उघडला तरी आतला आवाज साध्या एमपीथ्री रूपात असतो, तो बाहेर काढायची हत्यारं आहेत, ते काम माझं. अडचण वेगळीच आहे. ऑफिसातली एकमेव प्रत मी परवा लावून बघितली. तिच्यावर इतके ओरखडे आहेत की ड्राइव्ह नुसती घुरघुरते आणि गप्प बसते.

त्या वेळी आपण शे-दोनशे प्रती वाटल्या होत्या. पिवळं वेष्टण, त्यावर शाळेची घंटा, मागे देणगीदारांची नावं. कुणाच्या तरी टीव्हीच्या कपाटात, लग्नाच्या सीड्यांच्या गठ्ठ्यात, नाहीतर आईने "असू दे" म्हणून ठेवलेल्या डब्यात एखादी नक्की असेल. घरी गेल्यावर तेवढं बघा. सापडली तर घासूनपुसून साफ करायला जाऊ नका, आहे तशी मऊ कापडात गुंडाळून शाळेच्या ऑफिसात द्या, शिपाईकाकांना सांगून ठेवलंय. बाहेरगावच्यांनी कुरियर केलं तरी चालेल. आणि कुणाकडे अजून सीडी ड्राइव्ह असलेला, चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर असेल, तर तो विकण्याआधी मला एक फोन करा.